मुलीचं नाव घ्यायचं नसतं

प्रणिताने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "मावशी, एका माणसाची चौकशी करायचीय. पण हसायचं नाही."

"एकोणीस वर्षं लग्नं जमवतेय मी," मी म्हटलं. "हसण्यासारखं होतं तेवढं हसून झालंय. डबा उघड आधी."

ती स्टँडसमोरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दुपारी तासभर सुट्टी असली की डबा घेऊन माझ्याकडे यायची. माझ्याकडे म्हणजे आमच्या सोनार समाजाच्या वधू-वर सूचक मंडळात, आणि मंडळ म्हणजे आमच्या श्रीरामपूरच्या घराची पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. दर दिवाळीला परिचय पुस्तिका काढायची, बाकी वर्षभर फोन. दहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण टायपिंग शिकले, पानं लावायला शिकले आणि दोन वर्षांपूर्वी पुस्तिकेची पीडीएफ करून सगळ्यांना मोबाइलवर मोफत पाठवायलाही शिकले. समाजाच्या मेळाव्यात त्याबद्दल मला शाल मिळाली होती. रंग बरा नव्हता, पण शाल ती शाल.

प्रणिता पुस्तिकेत सात वर्षं होती. छत्तिशी ओलांडलेली, घटस्फोटित, विनाअपत्य. पुनर्विवाहाची पानं मी शेवटी पिवळ्या कागदावर घ्यायचे, त्यात. सात वर्षांत अकरा स्थळं आली. त्यातल्या नऊ जणांनी पहिलं विचारलं, का सोडलं? तिने सांगितलं, मारायचा. मग त्यांनी विचारलं, का मारायचा?

"बोल," मी म्हटलं. "कोण माणूस?"

"अ‍ॅपवर भेटलाय."

"लग्नाच्या?"

"लग्नाच्या नाही. डेटिंगच्या. म्हणजे बोलायचं, ओळख करायची, पटलं तर भेटायचं."

"बोलायला अ‍ॅप कशाला लागतं?"

"बोलायला माणूस लागतो, मावशी."

मी तिच्या डब्यातली शेवग्याची शेंग उचलली.

"मी काही वेडी नाही," ती म्हणाली. "सगळं वाचून, ठरवून केलंय. आडनाव सांगायचं नाही. गाव सांगायचं नाही, मी नाशिक लिहिलंय. नंबर द्यायचा नाही, जे बोलायचं ते अ‍ॅपमध्येच. नको ते फोटो पाठवायचे नाहीत. चार महिने झाले, एक नियम मोडलेला नाही."

"आणि तुझा स्वतःचा फोटो?"

"चेहरा आहे. नुसत्या चेहऱ्यावरून काय कळतंय कुणाला?"

"मग अडलंय कुठे?"

"त्याचा चेहरा मला दिसत नाही. फोटो आहे, पण व्हिडिओ लावला की काळं. म्हणतो, कंपनीत गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. रूमवर चार जण असतात, म्हणून बोलायचं ते कंपनीच्या आवारातूनच. मी त्याला दिसते, तो मला दिसत नाही."

"स्टिकर लावतात गं. माझा भाचा चाकणला आहे, त्यांच्याकडेही लावतात."

"म्हणूनच तर. प्रत्येक गोष्ट खरी वाटते. बोलतो चांगलं. दिवसभर मी कुणाकुणाच्या शिरा शोधत असते, मावशी, आणि हा एकटा विचारतो, आज हात दुखला का?" तिने मोबाइल सुलटा केला. "माझा आता स्वतःवर भरवसा नाही. एकदा माणूस ओळखायला चुकलेय. तुम्ही बघा. तुम्ही खरा म्हणालात तर पुढे जाते, नाही म्हणालात तर आजच अ‍ॅप काढून टाकते."

मी चष्मा लावला, फोटो बघितला आणि हसले.

"हसायचं नाही म्हणाले होते मी."

"अगं, हा निरंजन डहाळे. येवल्याचा. बंगळुरूला असतो. तुझ्यासारखाच, पिवळ्या पानांतला. दोन वर्षं माझ्या पुस्तिकेत आहे आणि तू त्याला कुठे शोधलंस?"

ती बघतच राहिली. "तो म्हणाला होता, कुळदैवत वणीची देवी, मामेकुळ बागडे."

"बरोबर आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तू पुस्तिका उघडून बघत नाहीस का?"

"दरवर्षी उघडते. माझं पान बघते आणि मिटते."

तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी उठून पाणी आणायला गेले. एवढी आशा समोर बसून बघवत नाही.

"एक सांगते, मावशी," ती पाणी पिऊन म्हणाली. "दादाला यातलं काही कळता कामा नये. त्याने मला इथे खोली घेऊन राहू दिलंय ते एका अटीवर. तुझ्याबद्दल एक शब्द कानावर आला, तर त्या दिवशी बोचकं बांधून वैजापूर. नोकरी नाही, काही नाही. माझी ती दहा बाय बाराची खोली आणि ती लॅब, एवढंच आहे माझं."

"काही कळत नाही त्याला. चौकशी कशी करायची ते मला शिकवू नकोस."

आणि मी ती केली. अगदी रीतसर, आमच्या पद्धतीने, तीन तोंडांनी. पहिला फोन मुलाच्या घरी. दुसरा त्यांच्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला. तिसरा पहिल्या सासरच्या कुणाला तरी, कारण खरं बोलणारं माणूस असलंच तर ते तिकडे सापडतं.

येवल्याला त्याच्या आईने फोन उचलला.

"डहाळेबाई, मी श्रीरामपूरहून उदावंत बोलतेय, मंडळाची. निरंजनचं अजून बघताय ना?"

"बघतोय ना, ताई. तुम्हीच काही सुचवा. तो हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. एकटा राहून राहून माणूस मुका व्हायला लागलाय."

"कंपनी तीच? राहायला चार मुलांबरोबरच?"

"तीच. चौघं राहतात. स्थळ आहे का काही?"

"आहे एक चांगलं. सध्या नुसतं विचारून ठेवते."

"कुठलं म्हणायचं?"

"सांगेन की. योग आला म्हणजे सांगेन."

गल्लीतल्या पैठणीच्या दुकानदाराने सांगितलं, पोरगा गरीब स्वभावाचा, पान-सुपारीसुद्धा नाही. पहिल्या सासरच्या मामीने सांगितलं, आमच्याच पोरीला गाव सोडवलं नाही, त्याचा दोष नाही. एकोणीस वर्षांत इतकी स्वच्छ चौकशी मी चारदासुद्धा पाहिली नसेल.

दुसऱ्या दुपारी प्रणिता आली. डबा उघडायच्या आधीच मी म्हटलं, "खरा आहे."

"नक्की?"

"घर खरं, आई खरी, नोकरी खरी, स्वभाव खरा. आणखी काय पाहिजे?"

डब्यातली पोळी तिने चार घड्या करून तशीच परत ठेवली. मग म्हणाली, "मी त्याला सांगू, की आमच्याकडून चौकशी झाली?"

"सांग की. शहाणा असेल तर खूश होईल."

तो खूश झाला म्हणे. म्हणाला, मग आता परकं काय राहिलं?

पाच आठवडे ती आली की आधी बडबड यायची, मागून ती. बाजारातून तिने दोन कुंड्या आणल्या. केसांना मेंदी लावली. एकदा मला विचारलं, बंगळुरूला लॅबमध्ये काम मिळेल का हो? मी म्हटलं, रक्त सगळीकडे लालच असतं. ती खूप हसली.

मग तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती सकाळी अकराला, लॅबच्या पांढऱ्या कोटातच. दार लावून घेतलं.

"मावशी, तुम्ही नीट विचारलं होतंत ना?"

"काय झालं?"

"विचारलं होतंत ना?"

"अगं, तीन ठिकाणी विचारलं. झालं काय?"

ती उभीच होती. "तुम्ही खरा म्हणालात, म्हणून मी नंबर दिला. मग नको तो व्हिडिओ. तो म्हणाला, घरचे तयार आहेत, तुमच्याकडून चौकशी झालीय, आता तू आणि मी काय वेगळे? मी ऐकलं त्याचं. दोनदा." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "त्याने ते रेकॉर्ड करून ठेवलंय. परवा मला पाठवलं. पैसे नको म्हणतो. आणखी व्हिडिओ पाहिजेत म्हणतो, रोज, तो सांगेल तसे. नाहीतर दिगंबर कुलथे, वैजापूर, असं म्हणाला. दादाचा नंबर वाचून दाखवला, मावशी. आकडा न् आकडा."

मी तेच केलं जे मला येतं. रजिस्टर काढलं, निरंजनच्या फॉर्मवरचा त्याचा स्वतःचा नंबर शोधला आणि लावला. एकोणीस वर्षांत मी चौकशीसाठी मुलालाच फोन कधी केला नव्हता. मुलाला कोण विचारतं?

"हॅलो," पलीकडून थकलेला, सावकाश आवाज आला.

मी भडकून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. तो मध्ये एकदाही बोलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "काकू, मी कुठल्याच अ‍ॅपवर नाही."

"फोटो तुमचा आहे."

"माझा एकच फोटो बाहेर आहे. तो मी तुमच्या पुस्तिकेसाठी पाठवला होता. दुसरा मी काढलेलाच नाही."

मी रजिस्टर मिटलं.

"काकू," तो म्हणाला, "दीड महिन्यापूर्वी आईला तुमचाच फोन आला होता का? एक चांगलं स्थळ आहे म्हणून? आई रोज विचारते, श्रीरामपूरचा फोन आला का. कोण होती ती मुलगी?"

प्रणिता माझ्यासमोर उभी होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"नंतर सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"हा तो नाही, प्रणिता. कुणीतरी याचं नाव घेऊन बसलाय."

ती हळूच समोरच्या खुर्चीत बसली. मग तिने विचारलं, "तुम्ही त्याच्या आईला फोन केला, तेव्हा माझं नाव घेतलं नव्हतं?"

"नाही."

"नुसतं प्रणिता म्हणाला असतात, तरी ती म्हणाली असती, मुलाला विचारते. तो म्हणाला असता, कोण प्रणिता?"

"तशी पद्धत नाही गं. मुलीचं नाव घ्यायचं नसतं आधी. उद्या जमलं नाही, तर तिचं नाव चारचौघांत खराब होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लॅबमध्ये ती एखाद्याचा रिपोर्ट वाचताना बघते तशी.

"मी पोलिसांत जाणार आहे," ती म्हणाली. "त्याला आणखी एकही पाठवणार नाही. दादाला कळायच्या आत जाते. तुम्ही याल?"

"येते."

ती लॅबमध्ये सांगायला गेली आणि मी कॉम्प्युटर लावला. पुस्तिका उघडली. पान दोनशे सत्तेचाळीस, पिवळं. प्रणिताचा फोटो, माझ्याच खोलीत माझ्याच पडद्यासमोर मी काढलेला. नाव, आडनाव, जन्मवेळ, नोकरी, गाव. मग 'संपर्क', आणि मुलीचा नंबर द्यायचा नसतो, तीही आमची पद्धत, म्हणून तिथे भावाचा. श्री. दिगंबर कुलथे, वैजापूर, दहा आकडे. पाच पानं पुढे निरंजन डहाळे. कुळदैवत, मामेकुळ, कंपनी, आईचं नाव. अ‍ॅपवरच्या चेहऱ्याला पुस्तिकेतला चेहरा जोडून बघायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसती. चार महिने ती आडनाव सांभाळून बसली होती. ज्याच्यापासून सांभाळत होती, त्याच्या हातात ते पहिल्या दिवसापासून होतं, मोफत. माझ्या शालीच्या बदल्यात.

हे मी तिला रिक्षात सांगणार होते. रिक्षात आणखी एक बाई बसली. मग पोलीस ठाण्याच्या पायरीवर सांगणार होते. पायरीवर दिगंबर उभा होता.

त्याला व्हिडिओ सकाळीच गेला होता. तिने दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं म्हणून. तो वैजापूरहून थेट लॅबमध्ये गेला, ती ठाण्यात निघालीय हे तिथे कळलं, तसा इथे. त्याने बहिणीकडे बघितलंच नाही. मला नमस्कार केला. "मावशी, तुम्ही आलात ते बरं झालं."

आत झरेकर नावाच्या हवालदार बाई होत्या. वाईट नव्हत्या. त्यांनी प्रणिताला पाणी दिलं, फिर्याद सावकाश लिहून घेतली, मध्येच एकाला दार लावायला सांगितलं.

"म्हणजे ओळख अ‍ॅपवर. नंबर कधी दिला?"

"पाच आठवड्यांपूर्वी."

"आडनाव? गाव?"

"नाही सांगितलं. शेवटपर्यंत नाही."

"मग यांचा नंबर त्याच्याकडे कसा? यांचं नाव, गाव?"

"मला माहीत नाही."

"बाई, हवेतून येत नाही नंबर. बोलता बोलता दिला असेल. इथे रोज एक येते, सगळ्या हेच म्हणतात, मी दिला नाही. प्रेमात माणूस काय काय सांगून बसतो, त्यालाच आठवत नाही."

"मी नाही दिला," प्रणिता म्हणाली. "दादा, मी तुझा नंबर नाही दिला."

दिगंबर जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "माझा नंबर," तो म्हणाला. "आपल्या घरातला नंबर दिलास तू त्याला. तो मला फोन करून विचारतो, कशी वाटली बहीण."

झरेकर बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण यांच्या?"

"मी मंडळ चालवते. वधू-वर सूचक."

"तुम्हाला काही माहितीय? त्याला ही माहिती कुठून मिळाली असेल?"

माझ्या पर्समध्ये माझा मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये पुस्तिका होती. त्यात चारशे बारा मुली होत्या, आणि चारशे बारा बाप आणि भाऊ. मला ते सगळे एकदम माझ्या पुढच्या खोलीत शिरताना दिसले.

"इंटरनेटवरून मिळाली असेल," मी म्हटलं. "आजकाल काय, सगळंच मिळतं."

बाईंनी मान हलवली आणि लिहिलं, फिर्यादीने स्वतः माहिती दिल्याची शक्यता. मला ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. एकोणीस वर्षं टेबलापलीकडून फॉर्म वाचणाऱ्या माणसाला उलटंही वाचता येतं.

दिगंबर उठला. "चल," तो म्हणाला. खोली आवरायला त्यांना दीड तास लागला. कुंड्या घरमालकिणीने ठेवून घेतल्या.

तो माणूस सापडला नाही. सिमकार्ड ओडिशातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर निघालं, पुढे तपास गेला नाही. पुस्तिका मी त्या आठवड्यात सगळीकडून काढायचा प्रयत्न केला. एका ग्रुपमधून काढली की दुसऱ्यातून यायची. लोक फोन करून विचारायचे, मावशी, लिंक चालत नाही, परत पाठवा ना.

तीन महिन्यांनी मी वैजापूरला गेले. एसटीत पूर्ण वाक्य पाठ केलं. दिगंबर आणि त्याची बायको समोर बसले, प्रणिता स्वयंपाकघराच्या चौकटीशी, शेवया सुकवायच्या काठ्या पुसत. बारीक झाली होती. मेंदी अर्धी उतरून केस दोन रंगांचे झाले होते.

मी चहा यायच्या आधीच सांगितलं. सगळं. पान, नंबर, पोलीस ठाण्यातलं माझं बोलणं. "तिने तुमचा नंबर दिला नव्हता, दिगंबर. मी दिला होता. छापून."

त्याची बायको चहाला उठत होती, ती तशीच थांबली. प्रणिताचा हात काठीवर थांबला.

दिगंबरने बराच विचार केला. तो दुष्ट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मावशी. पण व्हिडिओ काही पुस्तिकेत नव्हता ना?"

चहा आला. प्यायले. दिगंबर म्हणाला, एखादं बिजवर, लांबचं असलं तरी चालेल, बघून ठेवा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

प्रणिता मला सोडायला फाटकापर्यंत आली. त्याच्या पलीकडे यायची तिला मुभा नव्हती. वहिनी ओट्यावर तांदूळ घेऊन बसली होती, निवडत नव्हती.

"प्रणिता, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"हं," ती म्हणाली. माझ्या पदरावर पडलेलं निंबोणीचं पान तिने काढून टाकलं. मग वहिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मावशी, लॅबमध्ये माझी जागा भरली का हो?"

भरली होती. आठव्या दिवशी, राहुरीची एक मुलगी आली होती. माझी साखर तिनेच तपासली होती.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग डॉक्टरांना सांगा, एवढा महिना थांबा म्हणावं. मी येणार आहे."

"सांगते," मी म्हटलं.